कल चाचणीत नसलेलं काम

आमच्या विभागाच्या माजी विद्यार्थी मेळाव्याचा विषय निघाला की मी अजूनही चिडते. घरातले म्हणतात, किती वर्षं झाली, सोड आता. सोडायला माझी हरकत नाही. पण त्या मेळाव्याला आलेल्या एकालाही आपलं काही चुकलं असं आजवर वाटलेलं नाही, आणि मेळावा दरवर्षी तसाच भरतो. मग मी एकटीनंच का सोडायचं?

मानसशास्त्रात एम.ए. मी इथंच केलं, शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हा. आजोबा निजामाच्या काळात कचेरीत कारकून, वडील बँकेत. नोकरी म्हणजे टेबल, खुर्ची आणि संध्याकाळी घरी, एवढं आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक होतं. मानसशास्त्राचं टेबल कुठं असतं ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. दोन वर्षं आम्ही घंटा ऐकून कुत्र्याच्या तोंडाला पाणी का सुटतं ते पाठ केलं, एकमेकांवर प्रयोग केले, परीक्षा दिल्या. पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा उद्या सकाळी आवरून कुठं जायचं हे वर्गातल्या एकालाही सांगता येत नव्हतं.

मला काम मिळालं ते निव्वळ योगायोगानं. शेजारच्या काकूंना जालना रोडवरच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडं दाखवायला मी सोबत गेले होते. डॉक्टरांनी सहज विचारलं, तुम्ही काय करता. मी म्हणाले, एम.ए. सायकॉलॉजी झालंय, घरीच असते. ते म्हणाले, मग उद्यापासून या. तिथं गेल्यावर मला कळलं की नुसत्या एम.ए.वर रुग्णाला हात लावता येत नाही. पुढं दोन वर्षांचं प्रशिक्षण असतं, त्याची प्रवेश परीक्षा असते, ते पार पडलं की सरकारी नोंदणी मिळते. एवढी साधी गोष्ट विभागात कुणी सांगितली नव्हती. ते प्रशिक्षण मी लग्नानंतर केलं, बाहेरगावी राहून आणि सासरची बोलणी खाऊन, आणि परत त्याच दवाखान्यात रुजू झाले.

म्हणून एका वर्षी विभागप्रमुख सरांनी आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना बोलावून घेतलं आणि यंदा मेळाव्यात मुलांच्या नोकरीधंद्यासाठी काहीतरी करा म्हणाले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आम्ही चौघं होतो. एकजण शेंद्र्याच्या एका कारखान्यात मनुष्यबळ अधिकारी. एक शाळेतली समुपदेशक. एकाचं निराला बाजारात करिअर मार्गदर्शन केंद्र, दहावीच्या मुलांच्या कल चाचण्या घेणारं आणि उन्हाळ्यात तुडुंब भरणारं. आणि चौथी मी.

मी सुचवलं ते अगदी साधं होतं. भाषणं नकोत. शेवटच्या वर्षाची पोरं आपण वाटून घेऊ, आणि प्रत्येकानं एकेकाला आपल्या कामाच्या जागी थोडे दिवस बसवून घेऊ. त्यांना बघू दे आपण काय करतो ते. सरांनी मान डोलावली, चहा आला, आणि चहाबरोबर नकारही आले. मनुष्यबळवाले म्हणाले, गेट पासचं लई किचकट असतं. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, आमच्या मुख्याध्यापिका परवानगी देणार नाहीत. केंद्रवाले म्हणाले, माझ्याकडं गोपनीयतेचा प्रश्न येतो. ज्याच्या केंद्राच्या काचेवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो नावानिशी लावलेले होते, तो मला गोपनीयता सांगत होता.

खरं कारण मला त्या खोलीतच कळलं होतं, आणि त्यामुळंच तिडीक गेली. त्यांना लाज वाटत होती. मनुष्यबळ अधिकारी दिवसभर कॅन्टीनच्या तक्रारी, कामगारांच्या बसचे रूट आणि रजांचे अर्ज बघायचे. शाळेतल्या मॅडमना वर्षभर ऑफ तास घ्यायला लावायचे, आणि गॅदरिंगला स्टेज सजवायचं कामही त्यांच्याच गळ्यात. हे पोरांनी बघायला नको होतं. अहो, पण हेच तर बघायला हवं होतं. त्या रजांच्या अर्जांमागं कुणाची बायको बाळंत होती, कुणाची दारू वाढली होती, हे त्या माणसाला बरोबर ओळखता यायचं, आणि ते त्याला आमच्याच विषयानं शिकवलं होतं. ऑफ तासाला मागच्या बाकावर गप्प बसलेली पोर त्या मॅडमनीच हेरली असती. पण एवढं बोलायला आधी आपलं काम आहे तेवढंच सांगावं लागतं, आणि आमच्या लोकांना ते जमत नाही. चार माणसांत गेलं की प्रत्येकजण आपलं पद दोन पायऱ्या वर चढवून सांगतो.

मेळावा व्हायचा तसा झाला. आधी सत्कार. ज्यांनी पोरांना काही सांगायचं होतं त्यांनाच शाल, नारळ आणि गुच्छ. मग प्रत्येकाचा परिचय, मग परिचय करून देणाऱ्याचा सत्कार. सकाळ त्यातच सरली. मनुष्यबळवाल्यांनी जिद्दीवर भाषण केलं, केंद्रवाल्यांनी सकारात्मक विचारांवर. पोरं मागं बसून जांभया देत होती, आणि मी पुढं, मांडीवर नारळ घेऊन.

मग सर म्हणाले, एखादा प्रश्न असेल तर विचारा. मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. करमाडची होती, रोज एसटीनं यायची. शेतकऱ्याची लेक, भाऊ शेंद्र्याला कंपनीत. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत पण आवाज स्वच्छ ठेवून तिनं विचारलं, "तुमी सगळे रोज कामावर जाऊन नेमकं काय करता?"

सभागृह हसलं. प्राध्यापकसुद्धा हसले. मला वाटतं त्या विभागात इतका चांगला प्रश्न त्याआधी कुणी विचारला नव्हता, आणि त्यावर लोक हसले. मनुष्यबळवाल्यांनी माईक घेतला आणि म्हणाले, बेटा, आम्ही काय करतो ते सोडा, आधी स्वतःला ओळखायला शिका. टाळ्या पडल्या. मी उत्तर द्यायला उठले तोवर आभार सुरू झाले होते, कारण जेवण गार होत होतं.

मी तिला गाठलं ते हात धुवायच्या नळापाशी, आणि तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. सकाळी मी नव्या रुग्णाची सगळी हकीकत लिहून घेते. नातेवाईक एक सांगतात, रुग्ण दुसरंच सांगतो, दोन्ही लिहिते. मग चाचण्या, मग डॉक्टरांशी बोलणं. दुपारनंतर एकेकाशी तासभर बोलत बसते, त्यातलं बरंचसं ऐकणंच असतं. कधी कुणी उठून निघून जातं, कधी कुणी शिव्या देतं. आणि पुढचं प्रशिक्षण, परीक्षा, नोंदणी, सगळं सांगितलं. ती मध्ये एवढंच म्हणाली की आतापर्यंत तिला वाटत होतं, एम.ए. झालं की डॉक्टरच झालो. मी तिला माझा नंबर दिला.

एवढ्यावर भागलं असतं. पण केंद्रवाल्यांना दानधर्म सुचला. शेवटच्या वर्षाच्या सगळ्यांची कल चाचणी मी मोफत घेतो, त्यांनी जाहीर केलं, आणि सर खूश झाले. मानसशास्त्राची पोरं, आम्ही काय बनू शकतो असं विचारायला आलेली, आणि मानसशास्त्राच्या माणसांनी त्यांच्या हातात चाचणी ठेवली. ही चूक फक्त आमच्याच जातकुळीतले लोक करू शकतात. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसानं पोरीला चहा पाजून चार गोष्टी सांगितल्या असत्या.

काही दिवसांनी ती मुलगी दवाखान्यात आली, हातात रंगीत अहवाल घेऊन. तिनं चाचणी कशी सोडवली तेही सांगितलं. चाचण्या कशा रचतात हे ती शिकलेलीच होती. माणसांना मदत करण्याचे सगळे प्रश्न हेरून तिनं तिथं ‘फार आवडतं’वर खूण केली, म्हणजे मानसशास्त्राचं काम वर येईल. आणि वर आलं होतं, शिक्षिका. त्याखाली परिचारिका, त्याखाली अंगणवाडी.

घरी तिच्या वडलांनी अहवाल हातात धरून चारचौघांना दाखवला होता. ते वाईट माणूस नव्हते, उलट पोरीला एवढं शिकवलं होतं. पण एम.ए.नंतर काय, या प्रश्नाचं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं, आणि आता ते कॉम्प्युटरनं दिलं होतं. लासूर स्टेशनच्या एका अडत दुकानदाराच्या घरून मागणी आलेली होती. त्यांना बी.एड. केलेली सून चालणार होती, कारण तिथल्याच शाळेत चिकटवता आलं असतं. सगळं जुळत होतं. परीक्षा झाली की उन्हाळ्यात साखरपुडा आणि जूनमध्ये बी.एड.ला प्रवेश. ती मला म्हणाली, "मॅडम, मला शाळा नाय शिकवायची. मला तुमचं काम शिकायचंय. पण आबांना दाखवायला माझ्याकडं कायच नाय."

मी तशीच निराला बाजारात गेले. केंद्रवाल्यांना म्हटलं, तुमच्या चाचणीत एकूण कोणकोणते व्यवसाय आहेत ते मला दाखवा. त्यांनी कॉम्प्युटरवर यादी उघडली. वकील होता, वैमानिक होता, मत्स्यव्यवसाय होता, दागिने घडवणारा होता. मानसशास्त्रज्ञ नव्हता. समुपदेशक नव्हता. मानसशास्त्राच्या पदवीवर घर बांधलेल्या माणसाच्या चाचणीत मानसशास्त्र हे कामच नव्हतं. पोरीनं कशावरही खूण केली असती तरी ते वर येणार नव्हतं.

मी विचारलं, हे काय आहे. ते अजिबात ओशाळले नाहीत. "दहावीच्या पोराला सायकॉलॉजी घे म्हणून सांगितलं तर पालक माझ्या अंगावर येतात, मॅडम. ते काढून टाकलं आपण." तोंडावर हसू होतं. मी म्हटलं, निदान तिच्या वडलांना फोन करून सांगा की या चाचणीत तुमच्या पोरीचा विषयच नाही. ते म्हणाले, एकदा दिलेला अहवाल आपण मागं घेत नाही, केंद्राचं नाव खराब होतं. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. बाहेर रांगेत बसलेल्या आया उठून उभ्या राहिल्या होत्या, एवढं सांगते.

डॉक्टरांना विचारून मी तिला दर गुरुवारी दवाखान्यात बसवायला सुरुवात केली. ज्या रुग्णाची हरकत नसेल त्याच्या वेळी ती आत बसायची, एरवी बाहेर. तिनं घरी सांगितलं होतं की कॉलेजचं प्रॅक्टिकल आहे, आणि ते खोटं नव्हतं. पोरगी हुशार होती. पहिल्या दिवशी तिला माझ्या शेजारी बसवून हकीकत लिहून घ्यायला सांगितलं तर तिनं कागद बाजूला ठेवला आणि आधी समोरच्या म्हातारीला विचारलं, जेवून आलात का. हे कुठल्या पुस्तकात नाही. मला वाटलं, हिला बनवलंच आहे या कामासाठी, आणि हिला अडत दुकानदाराच्या घरी देऊन शाळेत चिकटवायला निघालेत.

एका गुरुवारी ती बाहेर बाकावर बसलेली असताना करमाडचीच एक बाई तिच्या शेजारी येऊन बसली. नवऱ्याला दाखवायला आली होती. दोघींनी एकमेकींना ओळखलं. त्या बाईनं नवऱ्याचं दुखणं गावापासून लपवलं होतं, आणि आता आपण सापडलो असं तिला वाटलं असणार. म्हणून पोरीच्या आधी तिनंच गावात जाऊन सांगून टाकलं की अमक्याची पोर वेड्यांच्या दवाखान्यात औषध घेते. करमाडपासून लासूर लांब आहे, पण असली बातमी बस बदलत नाही. त्याच आठवड्यात लासूरकरांनी निरोप पाठवला की आमच्या पोराला इतक्यात करायचं नाही.

घरात काय झालं असेल ते मी सांगायला नको. तिचा फोन काढून घेतला, शहरात येणं बंद केलं. तिच्या एका मैत्रिणीकडून मला हे समजलं तेव्हा परीक्षा तोंडावर होती, आणि त्या पुढच्या प्रशिक्षणाचे अर्जही सुरू झाले होते. मी पहिला फोन सरांना केला. म्हटलं, आपण सगळे मिळून करमाडला जाऊ, तिच्या वडलांना सांगू की ती तिथं शिकायला बसत होती. चार शिकलेली माणसं दारात गेली तर गावही बघेल. सर म्हणाले, हे कौटुंबिक प्रकरण आहे, विभागानं त्यात पडणं बरं नाही. मनुष्यबळवाले रोज शेंद्र्यापर्यंत जायचेच, करमाड तिथून थोडंच पुढं, गाडी तेवढी पुढं नेली असती तरी पुरलं असतं. ते म्हणाले, तिचा भाऊ आमच्याच औद्योगिक वसाहतीत आहे, उगाच विषय व्हायचा. शाळेतल्या मॅडमना वाईट वाटलं. त्या फोनवर रडल्या, आणि आल्या नाहीत.

ज्यांची उभी हयात लोकांना मन मोकळं करा म्हणून सांगण्यात गेली, त्यांतला एकही जण मनोविकाराच्या दवाखान्याचं नाव स्वतःला चिकटवून घ्यायला तयार नव्हता. त्या अडाणी बाईवर मी चिडले नाही. ती घाबरली होती. हे घाबरले नव्हते, यांना फक्त आपला इस्त्रीचा शर्ट सांभाळायचा होता.

मी एकटी निघणारच होते, तर त्याआधी तिचे वडीलच आले. परीक्षा संपली होती, तेवढ्यापुरतं भावानं तिला नेऊन आणलं होतं. पांढरं धोतर, टोपी, मागं ती मुलगी मान खाली घालून. ते आत आले ते बसलेच नाहीत. म्हणाले, "मॅडम, तुमी आमचं लई नुकसान केलं. आता एक करा. पोरीला कायबी आजार नाय, असा दाखला लिहून द्या. डॉक्टरचा शिक्का पायजे. मी लासूरला नेऊन दाखवतो."

मला इतका राग आला होता की तो या माणसावर काढून मोकळं व्हावं असं वाटलं. पण त्यांनी दाखल्यासाठी घरून घडी घालून आणलेला कोरा कागद माझ्यापुढं केला. मी म्हटलं, मामा, आधी बसा. ती रुग्ण नव्हतीच, ती इथं काम शिकत होती, हे मी हव्या त्या कागदावर लिहून देते. पण एखादा माणूस वेडा नाही असा दाखला जगात कुठं मिळत नाही. तो माझ्याकडं नाही, तुमच्याकडं नाही, आणि लासूरच्या लोकांकडंही नाही.

ते काही बोलणार, तेवढ्यात मुलगी बोलली. त्या दिवशी आल्यापासून पहिल्यांदा.

"आबा, दाखला नको. आज मी दाखला घेतला, तर उद्या माझ्याकडं जे लोक येतील त्यांच्या तोंडाकडं मी कशी बघू?"

बाहेर नाव पुकारलं जात होतं, कुणीतरी उठून डॉक्टरांकडं गेलं. मग तिचे वडील खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मला विचारलं की या कामाचं शिक्षण असतं तरी कसं. मी सांगितलं. परीक्षा, दोन वर्षं, नोंदणी, त्यानंतर कुठं कुठं काम मिळतं, कुठं मिळत नाही, मुलींना त्रास कशाचा होतो, सगळं. ते मध्ये मध्ये नीट प्रश्न विचारत होते, एखाद्या शेताचा सौदा करावा तसे. अर्धा तास लागला असेल. एवढंच काम होतं ते. माझ्या विभागानं सत्कारात घालवलेल्या त्या सकाळीत ते अनेकदा करून झालं असतं.

शेवटी त्यांनी अर्ज कधी भरायचा ते विचारलं. आणि मला सांगावं लागलं की मुदत गेली. ती घरात कोंडलेली होती त्याच दिवसांत गेली. मला रडू येत होतं ते दुःखाचं नव्हतं. त्या क्षणी ते सगळे समोर असते, सर, मनुष्यबळवाले, केंद्रवाले, तर मी त्यांना हाताला धरून या पोरीपुढं उभं केलं असतं आणि म्हटलं असतं, बघा, हिचं एक वर्ष खाल्लंत तुम्ही.

तिच्या वडलांनी टोपी डोक्यावर चढवली. ते उठले, आणि दारापाशी थांबून म्हणाले, "फुडच्या सालाला भरू मंग. तवर तिला हितंच बसू द्या, त्या बाहेरच्या बाकावर. कोण बघतं ते बघू द्या."